पातळ पत्र्यातला रिव्हेट नट बोल्टसोबत फिरू लागला तर काय करावे?

आपण लिहिले आहे की १.२ मिमी पत्र्याच्या इलेक्ट्रिक पॅनेलला एम ६ चे (६ मिमी बोल्टचे) रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या एकाच बाजूने घालून खेचून आवळायचे आट्यांचे नट, बसवले आणि आता कव्हर काढताना बोल्टसोबत नटही जागेवरच फिरतो. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत मी पत्र्याचीच कामे करतो आणि माझ्या मते अशा तक्रारीत दोष बहुधा नटाचा नसतो, छिद्राचा असतो.

एवढ्या पत्र्यात थेट टॅप मारला (आटे पाडले) तर १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधील अंतराचा) जेमतेम एक आटा मिळतो, म्हणून पलीकडे हात पोहोचत नसेल तिथे रिव्हेट नट घेणे योग्यच आहे. मात्र पुढची कॉलर (नटाची रुंद कडा) आणि खेचल्यावर मागे तयार होणारा फुगवटा या दोहोंमध्ये पत्रा गच्च आवळला गेला तरच तो नट टिकतो. एम ६ साठी बहुतेक कंपन्या ९ मिमी छिद्र सांगतात; साध्या ड्रिलने पातळ पत्र्यात ते करायला गेल्यास ड्रिल थरथरते आणि छिद्र गोल न होता तीन कोनांचे होते, त्यामुळे नटाच्या अंगाला पत्रा काही ठिकाणीच टेकतो. लहान छिद्र पाडून ते स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या ड्रिलने) वाढवावे, दोन्ही बाजूंची बर (छिद्राच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढावी आणि नट बोटाने दाबून बसेल, पण डुलणार नाही, एवढेच माप ठेवावे.

नट घेताना त्याची ग्रिप रेंज, म्हणजे तो किती जाडीच्या पत्र्याला चालतो ते माप, अवश्य विचारावी. जाड पत्र्यासाठीचा नट १.२ मिमीत पूर्ण आवळला जात नाही, आणि तो आवळावा म्हणून जास्त खेचला तर आतले आटेच ओढले जातात. जे कव्हर वारंवार उघडायचे असते, तिथे मी षटकोनी अंगाचा नट आणि षटकोनी छिद्रच वापरतो. त्यासाठी पंच लागतो, खर्च वाढतो, पण फिरण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक बाब फारशी कोणी पाहत नाही. कव्हरचे छिद्र नटाच्या कॉलरपेक्षा मोठे असले, तर बोल्ट आवळताना कव्हर कॉलरवर टेकत नाही आणि बोल्ट नटालाच पत्र्यातून बाहेर ओढू लागतो. कव्हरचे छिद्र बोल्टपुरतेच ठेवावे. बोल्टला आटे पक्के करणारे द्रावण लावले असेल, तर उघडताना सगळा जोर नटावर येतो, हेही लक्षात घ्यावे.

आता फिरणारे नट काढण्यासाठी प्रथम पॅनेलचा वीजपुरवठा बंद करावा. कॉलरला बारीक खाच पाडून ती स्क्रूड्रायव्हरने अडवून धरल्यास बोल्ट सुटतो. त्यानंतर ९ मिमी ड्रिलने फक्त कॉलर कापावी. नटाचा मागचा तुकडा आणि चुरा पॅनेलमध्ये पडतो. तो बसबारजवळ (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीजवळ) राहिला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते, म्हणून पुरवठा सुरू करण्याआधी प्रत्येक तुकडा मोजून बाहेर काढावा.