माळ्यावर मे महिन्यात कोण झोपणार?

प्रश्न : काकू, वय २९, अविवाहित, नोकरी मिहानमध्ये. मनीषनगरला सहाव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर लॉफ्टसारखा फ्लॅट घेतलाय. हॉल साडेचौदा फूट उंच, मागच्या अर्ध्या भागावर माळा आणि त्यावर बेडरूम. पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. भिंती काळपट करड्या, एका भिंतीला विटांचा वॉलपेपर, लेदरचा सोफा, लोखंडी टेबल असं मनात आहे. बजेट दोन लाख. आई म्हणते, आधी देवघर कुठे ते सांग. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : काचेपासून. सोफ्याचे फोटो पाठवलेस, छान आहेत, पण पश्चिमेची काच आणि डोक्यावर गच्ची हे नागपुरात एकत्र आलं की सोफा फार नंतरची गोष्ट. दोन लाखांतले निम्मे उन्हासाठी बाजूला काढ.

तुझ्या मनातलं ते लॉफ्टचं घर न्यूयॉर्कच्या सोहो भागातलं. तिथल्या रिकाम्या पडलेल्या कारखान्यांत चित्रकार राहायला गेले आणि १९७१ मध्ये शहरानं कलाकारांच्या अशा राहण्याला कायद्यात जागा दिली. विटा उघड्या राहिल्या, कारण गिलावा करायला पैसे कोणाकडे होते? खिडक्या मोठ्या, कारण कारखान्याला उजेड लागायचा. आपल्याकडे १८७७ ची एम्प्रेस मिल होती, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. त्यामुळे खऱ्या गिरणीत राहायची हौस राहूनच गेली म्हणायची. पण म्हणून विटांचा कागद चिकटवू नकोस बाप्पा. सहा महिन्यांत कोपरे सुटतात.

ऊन काचेच्या आत आलं की पडदा कितीही जाड असो, उष्णता घरातच. ते बाहेरच अडवायचं. सोसायटीची परवानगी घे आणि काचेबाहेर बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे गुंडाळता येणारे पडदे लाव. सहाव्या मजल्यावर वारा जोरात लागतो, म्हणून दोन्ही बाजूंनी तार ताणून चिका खाली बांधून टाक. नाहीतर जूनच्या पहिल्या वादळात त्या शेजारच्या गच्चीवर सापडतील. परवानगी नाहीच मिळाली तर काचेला ऊन अडवणारी सोलर फिल्म, पण तो दुय्यम उपाय. गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावायलाच हवा. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग तुझ्या माळ्यावर सोडत राहतो.

माळ्याची उंची तू लिहिली नाहीस. खाली साडेसात आणि स्लॅबचा अर्धा फूट धरला तर वर साडेसहाच उरतात. तिथे छताचा पंखा लावायचा नाही, हात वर केला की पात्याला लागेल. भिंतीवरचा लाव. हॉलचा पंखा लांब दांड्यावर, पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर येतील असा, आणि माळ्याच्या कठड्यापासून हात पोचणार नाही इतका दूर.

गरम हवा वर चढते, म्हणजे एप्रिल ते जून माळा झोपायच्या लायकीचा नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र तिथली ऊब सोडवणार नाही. म्हणून वर पलंग करूच नकोस. खाली सागवानी दिवाण आणि कापसाच्या दोन गाद्या घे. थंडीत एक गादी वर जाते, उन्हाळ्यात दोन्ही खाली. पाहुण्यांची सोयही झाली, आई आली तर तिचीही. लाकडासाठी लकडगंजला चक्कर मार, जुन्या चौकटींचं सागवान मिळालं तर सोडू नकोस.

लेदर? माझ्या एका गिऱ्हाइकानं हट्टानं घेतला. मे महिन्यात पडदे लावायला गेले तर नवराबायको सोफ्यावर टॉवेल अंथरून बसलेले. काळा-करडा रंग हवाच असेल तर माळ्याखालच्या सावलीतल्या एका भिंतीला दे, बाकी चुन्यासारखं पांढरं. लोखंडी टेबल चालेल, फक्त काचेजवळ नको, दुपारी हात ठेववत नाही.

कूलरची जागा सोफ्याच्या आधी ठरव. खालच्या खिडकीत कूलर आणि माळ्याजवळ काचेचा एक वरचा भाग उघडता येणारा. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात घर दमट होतं आणि मग कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना दोष देतात. कूलरसमोर पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचं कपाट ठेवशील तर ते तळापासून फुगेल. जुलैत कूलर बंदच, तेव्हा त्या खिडकीला झाकण करून घे.

देवघर पूर्वेच्या भिंतीला, दोन फुटांची सागवानी फळी पुरे. कूलरच्या झोतात मात्र नको, नाहीतर आई आल्यावर दिवा टिकणार नाही आणि ऐकून घ्यायला तू असशील.

प्रश्न : त्रिमूर्तीनगरात भाड्याच्या खोलीत राहतो. मालक खिळा ठोकू देत नाहीत. पुस्तकं आणि दोन फ्रेम कुठे ठेवू?

उत्तर : लोखंडी अँगलचा रॅक घ्या, खोली सोडताना उकलून नेता येतो. पुस्तकं खालच्या फळ्यांवर, म्हणजे रॅक डोलणार नाही. फ्रेम वरच्या फळीवर भिंतीला टेकवून. पायांना रबरी बूट घालायला विसरू नका. कूलरचं पाणी सांडून फरशीवर गंजाचा डाग पडला, की डिपॉझिटचं बोलणं तिथूनच सुरू होतं.