मागायचे कोणी? निधी-सल्लागारांविषयी वाचकांचे प्रश्न

संस्थांना निधी उभारण्याबाबत मोबदला घेऊन सल्ला देणाऱ्यांच्या व्यवसायाविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची संस्था सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलींचे वसतिगृह चालवते. नव्या इमारतीसाठी ६० लाख रुपये लागणार आहेत. पुण्याचे एक सल्लागार जमलेल्या रकमेच्या १२ टक्के घेऊन काम करायला तयार आहेत. काहीच जमले नाही तर काही देऊ नका, असे ते म्हणतात. विश्वस्तांना हे बिनधोक वाटते. आपले मत काय? — एक विश्वस्त, यावल तालुका

उत्तर : बिनधोक का वाटते ते मी समजू शकतो. माल विकला गेला तर अडत, पडून राहिला तर काही नाही, हा बाजार समितीतला हिशेब आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु मालावर मालकी तुमची असते. देणगी मात्र देणाऱ्याने एका ठरावीक कामासाठी विश्वासाने तुमच्या हाती सोपवलेली असते. मुलींच्या खोल्यांसाठी म्हणून दिलेल्या शंभर रुपयांतले बारा रुपये तिसऱ्याच माणसाच्या खिशात गेले, हे त्याला उद्या कळले तर तो पुन्हा तुमच्या दारात उभा राहणार नाही. आणि आपल्याकडे अशी गोष्ट कळल्यावाचून राहत नाही. पूर्ण ६० लाख जमले तर ही रक्कम ७ लाख २० हजार होते. शिवाय एखाद्या विश्वस्ताच्या सख्ख्या भावाने, सल्लागाराचे तोंडही न पाहता, १० लाख दिले तरी त्यातले १ लाख २० हजार करारानुसार सल्लागाराचेच.

याहून मोठा तोटा आकड्यांत दिसत नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याला पैसा लवकर यायला हवा असतो. जो माणूस दोन वर्षांच्या ओळखीनंतर ५ लाख देईल, त्याच्याकडून आजच्या आज ५० हजार काढून घेण्याकडे त्याचा कल राहतो आणि तो माणूस संस्थेला कायमचा दुरावतो. अमेरिकेत १९६० साली स्थापन झालेल्या ‘असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स’ या व्यावसायिकांच्या संघटनेची आचारसंहिता सदस्यांना टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई करते, ती याच कारणांनी. व्यवसायातल्या लोकांनी स्वतःवरच घालून घेतलेले हे बंधन असल्यामुळे मला ते महत्त्वाचे वाटते. तेव्हा फी ठरावीक असावी, ती कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावी, करार लेखी असावा, प्रत्येक रुपया थेट संस्थेच्या बँक खात्यात जमा व्हावा, पावती संस्थेचीच असावी आणि देणगीदारांची यादी काम संपल्यावर संस्थेकडेच राहावी. या अटी ज्यांना मान्य नाहीत त्यांना चहा पाजून निरोप द्यावा.

आता फीच्या बदल्यात मिळते काय, तेही पाहू. चांगला सल्लागार पहिले काही आठवडे कोणाकडेही पैसे मागत नाही. तो तुमचे ताळेबंद वाचतो, वसतिगृहात मुक्काम करतो आणि गावातल्या वीस-पंचवीस जाणत्या माणसांना एकेकटे भेटून संस्थेबद्दल त्यांना खरे काय वाटते ते विचारतो. या भेटींत जे ऐकू येते ते विश्वस्तांच्या बैठकीत कधीच ऐकू येत नाही. इमारतीला ६० लाख खरोखर जमतील की ३५ लाखांवरच थांबावे लागेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, आणि ‘एवढे जमणार नाहीत’ असे सांगणारा अहवालही दिलेल्या फीचे मोल भरून देणाराच असतो.

त्यानंतर तो देणग्यांची उतरंड मांडतो. तुमच्या बाबतीत ती साधारण अशी होईल : १० लाखांची एक देणगी, ५ लाखांच्या दोन, अडीच लाखांच्या चार आणि एक लाखाच्या आठ. एवढ्या पंधरा जणांकडून ३८ लाख येतात. उरलेले २२ लाख दोन-तीनशे लहान देणग्यांतून उभे करायचे. एका होकारासाठी तीन दारे धरली तर वरच्या पंधरा देणग्यांसाठीच पंचेचाळीस घरी जावे लागेल. दर माणशी सारखी वर्गणी लावून इमारत होईल ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला हे खरे. पण त्यामागे गावोगाव फिरण्यात घालवलेली कित्येक वर्षे होती. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

आणखी एक. निम्मी रक्कम कबूल होईपर्यंत मोहिमेची जाहीर घोषणा करू नये, असा या व्यवसायातला संकेत आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते : आधी पाहुणे बोलावून भूमिपूजन, मग पावती पुस्तके आणि चार वर्षांनी गंज चढलेल्या सळया. वेळेचे भानही ठेवा. पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, शेतकऱ्याकडे देणगीसाठी अजिबात जाऊ नये. दिवाळीनंतरपासून आखाजीपर्यंतचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) काळ त्यातल्या त्यात बरा. रावेर-यावलच्या केळीबागा वादळाने आडव्या झालेल्या आठवड्यात मात्र देणगीसाठी नव्हे, विचारपूस करायला जा. हे पुण्याच्या सल्लागाराला ठाऊक नसेल, तुम्हाला आहे. म्हणूनच यादी, मुद्दे आणि क्रम त्यांच्याकडून घ्या, पण देणगीदारासमोर बसून मागायचे तुम्हीच, विश्वस्तांनी. आणि त्याआधी स्वतःची देणगी लिहून द्यायची. दाता पहिला प्रश्न तोच विचारतो.

प्रश्न : एक व्यापारी आम्हाला ५० हजार रुपये रोख द्यायला तयार आहेत, त्यांना कराची सवलतही हवी आहे. सल्लागार म्हणतात, पंचवीस नावांवर पावत्या फाडा. — खजिनदार, शिरपूर तालुका

उत्तर : ही युक्ती सांगणारा सल्लागार त्याच दिवशी बदला. ज्याला आपण ८०-जी म्हणून ओळखतो त्या सवलतीसाठी २ हजार रुपयांपेक्षा अधिकची रोख देणगी धरली जात नाही. ही मर्यादा चुकवण्यासाठी खोट्या नावांच्या पावत्या करणे म्हणजे संस्थेची नोंदणी पणाला लावणे होय. त्यांना धनादेश द्यायला सांगा. शिवाय त्यांनी नवी करप्रणाली निवडलेली असेल तर ही सवलत त्यांना मुळातच मिळत नाही, तेही आधीच स्पष्ट करा.

प्रश्न : आमच्या गावची बरीच मुले अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांच्याकडून मोठा निधी मिळवून देतो, असे एक सल्लागार सांगतात. संस्थेची परदेशी देणग्यांसाठीची नोंदणी नाही. — एक मुख्याध्यापक, जळगाव जिल्हा

उत्तर : येथे एकच प्रश्न विचारा : पासपोर्ट कोणत्या देशाचा? भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या मुलाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी मानली जात नाही. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मित्राने पाठवलेली रक्कम मात्र परदेशी देणगी ठरते, मग तो आपल्याच शाळेत शिकलेला असला तरी. २०१० च्या विदेशी योगदान कायद्यान्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि नोंदणी झाल्यावरही ती आधी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच यावी लागते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे फिरवून देण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद केली आहे. सल्लागारांनी यातले काही सांगितले नसेल तर त्यांच्या बाकीच्या आश्वासनांकडेही त्याच नजरेने पाहावे.

प्रश्न : मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. निधी-सल्लागार म्हणून काम करावे असे वाटते. आपला अनुभव कसा होता? — एक वाचक, धुळे

उत्तर : पहिल्या वर्षी मला वाटे की मी चांगले बोलतो म्हणून लोक देतील. एका तालुक्याच्या गावी, एका शाळेसाठी, मी एका जिनिंग कारखानदारांकडे तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस त्यांनी विचारले, “आठ वर्षांपूर्वी ग्रंथालयासाठी ११ हजार दिले होते, त्याचं काय झालं?” मी शाळेत येऊन शोध घेतला. पुस्तके आली होती. खोक्यांत बांधून खेळाच्या सामानाच्या खोलीत ठेवली होती, आणि पावतीनंतर त्या गृहस्थांना एक ओळही कोणी लिहिली नव्हती. मी विश्वस्तांना मोहीम थांबवायला सांगितले. आधी ग्रंथालय उघडले, कपाटे बसवली, मुलांना पुस्तके घरी नेऊ दिली, आणि मग जुन्या देणगीदारांना त्यांच्या पैशांचा हिशेब पाठवला. यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांची फी मला मिळाली नाही, कारण करारात ‘हिशेब पाठवणे’ हे काम लिहिलेलेच नव्हते. पुढे कारखानदारांनी किती दिले हा भाग वेगळा. ते स्वतः मुलांना पुस्तके वाटायला आले होते.

तेव्हापासून कोणत्याही संस्थेत गेलो की आधी जुनी पावती पुस्तके मागतो. या कामातला बराच वेळ माणसांपेक्षा कागदांतच जातो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेच (सीएसआरचेच) पाहा : नफ्यातले २ टक्के खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्यातील ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनाच लागू आहे, आणि तो पैसा घेण्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकराच्या दोन्ही नोंदण्या (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची आणि देणगीदारांच्या सवलतीची), किमान तीन वर्षांचे काम आणि सीएसआर नोंदणी क्रमांक असावा लागतो. तालुक्यातल्या दहा संस्थांत एखादीकडेच हे सगळे कागद एका फाइलीत सापडतात. नकाराचीही सवय करावी लागेल. अनेकदा तर नकारही स्पष्ट येत नाही. ‘बघू, सांगतो’ म्हणून माणूस सहा महिने थांबवतो.

आपण थेट सल्लागार होऊ नये, असे मला वाटते. आधी दोन-तीन वर्षे धुळ्यातल्याच एखाद्या संस्थेत पगारावर निधी आणि हिशेबाचे काम करा. अहिराणी येत नसेल तर शिकून घ्या. सुरुवात म्हणून त्या संस्थेच्या मागच्या पाच वर्षांतल्या देणगीदारांची यादी काढून, ज्यांना आभाराचे पत्र गेलेले नाही अशांना एकेक पत्र हाताने लिहा आणि किती उत्तरे येतात ते वहीत टिपून ठेवा.