आठ मात्रांत तीन टाळ्या

प्रश्न : माझी मुलगी नृत्यवर्गात ‘झूक’ शिकते आहे. सरावाला घरी गाणी लावते, त्यात मला सिंथेसायझर आणि ट्रम्पेटच ऐकू येतात. तरी हे संगीत आफ्रिकी मुळांचं आहे असं सगळे सांगतात. त्यात आफ्रिकेचं नेमकं काय आहे? आणि ‘क्रिओल’ म्हणजे काय?

उत्तर : आधी एक खुलासा. नृत्यवर्गांत बऱ्याचदा शिकवतात तो ब्राझिलियन झूक. तो नाच लंबाडा या ब्राझीलच्या जोडीनृत्यातून निघाला. लंबाडाचा बहर ओसरला तेव्हा नाचणाऱ्यांना आपल्या पावलांना जुळणारी गाणी कॅरिबियन झूकमध्ये मिळाली आणि तेच नाव नाचालाही चिकटलं. मूळ झूक संगीत मात्र ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांचं.

आता आफ्रिका. मी तबला शिकलेली बाई. झूक पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा आठ मात्रा मोजल्या आणि केहरवा समजून मांडीवर ठेका धरला. पहिली मात्रा जुळली, पण पाचवीवर माझा हात एकटाच पडला. तिथे वजन असतं एक, चार आणि सातवर. तीन, तीन, दोन अशी फोड. तुम्ही मोठ्याने एक ते आठ मोजा आणि या तीन मात्रांवर टाळी द्या. पाच-सहा आवर्तनांत पाय हलायला लागतील. हैतीच्या कोम्पा या नाचाच्या संगीतात, त्रिनिदादच्या सोका या संगीतात, क्युबाच्या क्लावे या काठ्यांवरच्या ठेक्याच्या एका अर्ध्या भागात हीच टाळी आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ती बेटांवर पोचली. सिंथेसायझर बाजूला सारून ऐका, खाली तीच सापडेल.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. ग्वादलूपच्या ‘ग्वो का’ या ढोलवादनात ढोल पिंपांपासून घडवत आले. मळ्यांवर माल यायचा तो पिंपांत. रिकाम्या पिंपाला बकऱ्याचं कातडं चढवलं की ढोल तयार. ‘बूला’ हे ढोल एकच ठेका न सोडता धरून ठेवतात. ‘माके’ हा चढ्या आवाजाचा ढोल मोकळा असतो आणि त्याचा वादक पूर्ण वेळ नाचणाऱ्याच्या पायांकडे बघतो. पाऊल थबकलं की हात थबकतो, पाऊल झेपावलं की थाप कडाडते. इथे नाचणारा वादकामागे जात नाही, वादक नाचणाऱ्यामागे जातो. मार्टिनिकच्या ‘बेले’ या ढोल-नाचाच्या परंपरेत ढोल जमिनीवर आडवा, वादक त्याच्यावर घोड्यासारखा बसलेला, आणि कातड्यावर टाच दाबून तो सूर वरखाली करतो. पाठीमागे दुसरा एक जण दोन काठ्यांनी ढोलाच्या लाकडावर ठेका धरतो. ग्वो का 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला.

क्रिओल म्हणजे त्या बेटांवरच जन्मलेलं, तिथेच घडलेलं. भाषाही तशीच आणि संगीतही. कॉन्ट्रादान्स आणि क्वाड्रिल हे नाच, अकॉर्डियन हे वाद्य, हे सगळं युरोपातून आलं. मळेवाल्यांच्या मेजवान्यांत वाजवायला गुलामांनाच बसवत, आणि त्यांनी त्या चालींचं वजन हलवून टाकलं. 1791 मध्ये हैतीत (तेव्हाच्या सँ-दोमँगमध्ये) उठाव झाला. तिथून पळालेले लोक पूर्व क्युबात उतरले आणि ही हललेली चाल तिकडेही रुजली. म्हणून ‘किती टक्के आफ्रिका’ हा हिशेब मला पटत नाही. वाद्य युरोपचं आणि काळ मोजायची रीत आफ्रिकेची, असं एकाच सुरावटीत असतं.

झूक त्या मानाने अगदी नवा. 1955 च्या सुमारास हैतीत सॅक्सोफोनवादक नेमूर झाँ-बाप्तिस्त यांनी कोम्पा रुजवला. पुढे हैतीच्या वाद्यवृंदांनी ग्वादलूप आणि मार्टिनिकवरचे जलसे व्यापून टाकले. ‘आमचं स्वतःचं काय?’ या अस्वस्थतेतून 1979 मध्ये पिएर-एदुआर देसिमुस आणि जाकोब देव्हारिये यांनी ‘कासाव्ह’ हा गट उभा केला. ग्वो काचे ढोल त्यांनी स्टुडिओत नेले आणि गाणी क्रिओलमध्ये गायली. ज्या भाषेत बोललं म्हणून शाळेत मुलांना रागावत, तीच भाषा पॅरिसच्या मोठ्या सभागृहांत गाजली. माझ्या लेखी ही ठेक्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : सोकामध्ये ढोलक आहे असं ऐकलं. खरं का?

उत्तर : होता, आणि तोही उगमापाशी. 1845 पासून भारतातून करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेले गेले. त्यांच्या वस्त्यांजवळ वाढलेल्या लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो (त्रिनिदादची जुनी गाण्याची परंपरा) गायकाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ढोलक आणि धनताल कॅलिप्सोत आणले. धनताल म्हणजे लांब पोलादी सळई, ती नालेसारख्या तुकड्याने वाजवतात. ‘कॅलिप्सो बाटवला’ अशी ओरड झाली, तेव्हा त्याने ती वाद्यं काढली, पण त्यांचा ठेका ड्रम आणि गिटारवर चढवून ठेवला. त्यामुळे आजच्या सोकात ढोलक शोधू नका. धनतालाची ती टणटण ड्रमवाल्याच्या झांजेत ऐका.