शब्द कोरडे पडतात तेव्हा : प्रार्थनेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेली कित्येक वर्षे मी झोपण्यापूर्वी ठरावीक शब्दांत प्रार्थना करते. हल्ली शब्द ओठांवर येतात, पण मन त्यांत नसते. माझा विश्वास कमी झाला आहे का?

विश्वास उरला नसता तर ही गोष्ट तुम्हाला इतकी बोचली नसती. प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणे, असे आपण लहानपणी शिकतो आणि ते खरेच आहे. पण ऐकणे हाही तिचा तितकाच जुना भाग आहे, आणि आपण एकटेच बोलत राहिलो की कोरडेपणा येतो, असे मला वाटते. तुम्हाला मी ‘लेक्तिओ दिविना’, म्हणजे पवित्र वाचन, ही पद्धत सुचवीन. मठांमध्ये ती फार पूर्वीपासून रूढ होती आणि 12व्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघातील ग्वीगो (दुसरे) यांनी तिच्या चार पायऱ्या मांडल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन.

बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या सात ओळी घ्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो आणि लोक त्याला गप्प करू पाहतात. हा उतारा शक्यतो मोठ्याने आणि अगदी सावकाश वाचा. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द तुम्हाला अडवील, तिथे थांबा. कदाचित बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो, तिथेच तुम्ही थबकाल. भिकाऱ्याच्या दृष्टीने ते वस्त्र म्हणजे जवळजवळ सगळी मालमत्ता असते आणि ती मागे टाकून तो निघतो. कदाचित येशूच्या प्रश्नापाशी थांबाल. समोरचा आंधळा आहे हे दिसत असूनही येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे? तो प्रश्न आज तुम्हालाच विचारला आहे असे समजा आणि मनात येईल ते उत्तर, ते कितीही ओबडधोबड असले तरी, त्याला सांगा. मग काही वेळ गप्प बसा. टीकाग्रंथ उघडण्याचा मोह या वेळेपुरता टाळावा, कारण अर्थाचा अभ्यास हे वेगळे आणि आवश्यक काम असले तरी ते इथे मध्ये आले की आपण पुन्हा ऐकण्याकडून विचार करण्याकडे वळतो. सात ओळींना अर्धा तास लागला तरी चालेल. एखाद्या दिवशी एकच शब्द हाती लागेल, तोही पुरेसा आहे.

तुमची जुनी प्रार्थना मात्र टाकून देऊ नका. असे वाचन काही दिवस केल्यावर तिच्याकडे परत या. तिचे शब्द तुम्हाला निराळे ऐकू येण्याची शक्यता आहे.

प्रश्न : व्यर्थ बडबड करू नका, असे येशूने सांगितले आहे. मग जपमाळ किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे कितपत योग्य?

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ती ताकीद गांभीर्यानेच घ्यायला हवी. परंतु तिथे रोख आहे तो फार बोलल्याने देव ऐकतो या समजुतीवर, म्हणजे शब्दांच्या वजनाने देवाला वळवू पाहण्यावर. त्याच शुभवर्तमानात गेथशेमाने बागेत येशू स्वतः तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 136व्या स्तोत्राच्या 26 ओळींपैकी प्रत्येकीत देवाच्या सनातन दयेचे तेच पालुपद येते. पुनरुक्ती व्यर्थ ठरते ती मन बाजूला ठेवून केली तर.

पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतील ‘येशूची प्रार्थना’ एका वाक्याची आहे : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिच्यात बार्तीमयाची हाक आणि लूकच्या अठराव्या अध्यायातील जकातदाराची विनवणी या दोन्ही ऐकू येतात. पहिला अर्धा भाग श्वास घेताना आणि उरलेला सोडताना म्हणण्याचीही रीत आहे. मात्र आकडा गाठण्यासाठी म्हणू नका. मन भरकटले हे लक्षात आले की स्वतःला न रागावता पुढच्या श्वासाबरोबर परत यावे.

प्रश्न : माझ्या भावाच्या मृत्यूनंतर मला देवाचा फक्त राग येतो. स्तुतीची गीते म्हणवत नाहीत. अशा मनाने प्रार्थना करणे पाप आहे का?

नाही. तुमच्या दुःखाला मी घाईने सांत्वन जोडणार नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि ती चुकून तिथे राहिलेली नाहीत. 13वे स्तोत्र देवाला विचारते की, तू मला कोठवर विसरणार? 88वे स्तोत्र तर आशेच्या ओळीवरही संपत नाही. ते अंधारातच थांबते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच जपले गेले. येशूने वधस्तंभावर 22व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ती देवाने सोडून दिल्याची. तेव्हा राग देवापाशीच बोला, त्याच्या पाठीमागे नको. 88वे स्तोत्र वाचून तिथेच थांबा, शेवटी बळेच आभार मानू नका. तेवढेही जमले नाही तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो ते आठवा : काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुमचे नुसते बसून राहणेही त्यात येते.

प्रश्न : दोन लहान मुले आणि नोकरी यांतून निवांत अर्धा तास मिळत नाही. काय करावे?

अर्ध्या तासाची वाट पाहू नका. 17व्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत असत आणि भांड्यांच्या गडबडीतही आपण देवाच्या सान्निध्यात आहोत याची आठवण ठेवत असत. त्याला जोड म्हणून रात्री दहा मिनिटे जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी करा : आभार माना, प्रकाश मागा, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ द्या, चुकले त्याची क्षमा मागा आणि उद्यासाठी कृपा मागा. दिवस आठवताना केवळ चुका मोजू नका. मुलाने अचानक हात धरला तो क्षण आणि तुम्ही त्याच्यावर ओरडलात तो क्षण, दोन्ही देवासमोर ठेवा. मध्येच झोप लागली तर लागू द्या.