रिग पाचवर ठेवला, तरी लिनिअर उडाला

प्रश्न : नमस्कार सर. माझा हॅम रेडिओचा एचएफ रिग (शॉर्टवेव्हचा ट्रान्समीटर-रिसीव्हर) 100 वॅटचा आहे. मित्राच्या मदतीने एलडीमॉस ट्रान्झिस्टरचा लिनिअर (रिगची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) बांधला, 5 वॅट दिले की 300 वॅट काढणारा. रिगची पॉवर कायम 5 वर ठेवली, मीटरही 5 च दाखवायचा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) चांगला, 1.2. तरीही पंधरा दिवसांत डिव्हाइस, म्हणजे तो ट्रान्झिस्टर, उडालं. नवीन बसवण्याआधी विचारतोय, चुकलं कुठे? – एक वाचक, सांगली

उत्तर : नवीन डिव्हाइस लगेच बसवू नका. बहुधा तुमचं बांधकाम नीट आहे, दगा दिलाय तो रिगच्या पॉवरच्या आकड्याने. माझंही एक डिव्हाइस असंच गेलं होतं आणि तेव्हा मी चार दिवस बायस सर्किटच (गेटला ठरावीक व्होल्टेज देणारं) तपासत बसलो होतो.

रिगला 5 वॅट सांगितले म्हणजे तो 5 वॅटचा होत नाही. आतला फायनल (शेवटचा पॉवर टप्पा) 100 वॅटचाच असतो. बाहेर किती जातंय हे मोजून एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) त्याला मागे खेचतो. पण मोजायला आधी काहीतरी बाहेर पडावं लागतं! पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर पहिले काही मिलिसेकंद एएलसी जागा झालेला नसतो आणि तेवढ्यात रिग जवळजवळ पूर्ण ताकदीने बाहेर फेकतो. एसएसबीवर (आवाज पाठवायच्या पद्धतीवर) बोलताना थांबलात की एएलसी सैल पडतो आणि पुढच्या शब्दाला पुन्हा तोच झटका बसतो. सगळेच रिग असं करत नाहीत, पण करणारे पुष्कळ आहेत. मीटरच्या काट्याला हे दिसणं शक्यच नाही.

मी शेवटी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या 50 ओहमच्या रेझिस्टरवर) ऑसिलोस्कोप लावला. 50 ओहमवर 5 वॅट म्हणजे 22 व्होल्टचं शिखर. पहिल्या क्षणी पडद्यावर 80 व्होल्ट दिसले, म्हणजे 64 वॅट. जुन्या ग्राउंडेड ग्रिड ट्यूबला 60-70 वॅटचा ड्राइव्ह (इनपुट पॉवर) लागतोच, तिने हे हसत पचवलं असतं. एलडीमॉसच्या गेटला एकच झटका पुरतो.

उपाय म्हणजे 10 डीबीचा पॅड, म्हणजे पॉवर दहापट कमी करणारी रेझिस्टरांची जोडणी. रिग 50 वॅटवर चालवा, लिनिअरला बरोबर 5 मिळतील. रिगने झटक्यात पुरे 100 फेकले तरी लिनिअरच्या दारात फक्त 10 पोहोचतील. वीसपट मारा दुपटीवर आला. पाय (π) आकाराच्या पॅडला दोन्ही टोकांना जमिनीकडे 96 ओहम आणि मध्ये 71 ओहम लागतात. जळणाऱ्या 45 वॅटपैकी 26 वॅट एकटा रिगकडचा रेझिस्टर खातो, त्यामुळे तिघांना सारखे वॅटेज देऊ नका. रेझिस्टर हीटसिंकवर बसणारे, नॉन-इंडक्टिव्ह (कॉइलसारखे न वागणारे) हवेत. बाजारात सहज मिळतात ते वायरवाउंड इथे चालत नाहीत, ते तारेची गुंडाळीच असतात.

पॅड लिनिअरच्या आत, इनपुट रिले (पाठवतानाच सिग्नल लिनिअरमधून वळवणारा स्विच) आणि डिव्हाइस यांच्या मध्ये बसवा. रिगच्या आणि लिनिअरच्या मधल्या केबलमध्ये टाकलात तर ऐकू येणारे सिग्नलही 10 डीबीने पडतील. मग 40 मीटर बँडवर लांबचं स्टेशन ऐकूच येत नाही अशी तक्रार घेऊन याल.

रिलेचाही हिशोब बघा. रिले बसायला 10 ते 20 मिलिसेकंद लागतात. त्याआधी आरएफ (रेडिओ सिग्नल) आला तर कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि लिनिअरला क्षणभर लोडच नसतो. रिगच्या मेनूत टीएक्स डिले (पीटीटीनंतर आरएफ थोडा उशिरा सोडायची सोय) असेल तर 25 मिलिसेकंदांवर ठेवा. अँटेना ट्यून करताना लिनिअर स्टँडबायवरच असू दे. एफटी8 (संगणकावरून संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) चालवणार असाल तर 300 च्या जागी 150 वॅटच घ्या, तिथे पंधरा सेकंदांच्या पाळीत जवळपास तेरा सेकंद सलग कॅरियर (पूर्ण ताकदीचा सिग्नल) असतो.

पॅड बसवल्यावर आधी लिनिअरचा सप्लाय बंद ठेवून पॅडच्या पुढे 50 ओहमचा लोड लावा आणि स्कोपवर झटका मोजा. शिखर 32 व्होल्टच्या आत राहिलं तरच नवीन डिव्हाइसला हात लावा. आकडे मला जरूर कळवा. 73 (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).