पॅकिंग लाइनवरची परीक्षा आणि तीन महिन्यांचं कलम

प्रश्न थोडक्यात असा. पत्रलेखक ३ जून २०२४ रोजी एका कारखान्यात पाउच पॅकिंग लाइनवर ऑपरेटर म्हणून लागले. नियुक्तिपत्रात सहा महिन्यांची परिवीक्षा (प्रोबेशन) होती. डिसेंबरात ती तीन महिन्यांनी वाढवली, मार्चमध्ये पुन्हा तीन महिन्यांनी. २० मे २०२५ रोजी शिफ्ट इंजिनिअरने ‘कॉम्पिटन्सी असेसमेंट’ घेतली. ५० पैकी २७ गुण पडले, पास व्हायला ३५ हवे होते. ३१ मे रोजी ‘परिवीक्षा काळातील काम असमाधानकारक’ असं पत्र हातात देऊन त्यांना घरी पाठवलं. आता आठ महिन्यांनी ते विचारतात, ‘मला मशीन येतं हे कोर्टात कसं सिद्ध करू?’

आधी ते सिद्ध करायला जाऊच नका. तुमच्या चार पानी पत्रातली साडेतीन पानं तुम्ही किती चांगले ऑपरेटर आहात यावर खर्च झाली आहेत. नियुक्तिपत्र, मुदतवाढीची दोन पत्रं आणि काढल्याचं पत्र मात्र ‘जोडली आहेत’ एवढ्याच उल्लेखात आटोपलीत. अशी पत्रं सतत येतात आणि सगळ्यांची चूक एकच असते. माणूस गुणपत्रिकेशी भांडत बसतो आणि तारखा निसटतात.

तुमच्या प्रकरणात सगळं एका प्रश्नावर उभं आहे: ३१ मे २०२५ रोजी तुम्ही कायद्याच्या दृष्टीने परिवीक्षाधीन होता की नव्हता?

असाल, तर कंपनीची बाजू बरीच भक्कम आहे. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २(ओओ)(बीबी) प्रमाणे करारातल्याच अटीनुसार सेवा संपवली तर ती ‘कामगार कपात’ धरली जात नसे. हे परिवीक्षाधीन माणसालाही लागू पडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. वेणुगोपाल विरुद्ध एलआयसी (१९९४) या निकालात म्हटलं आहे. तुमच्या नियुक्तिपत्राच्या कलम ७ मध्ये ‘परिवीक्षा काळात कारण न देता सेवा समाप्त करता येईल’ असं लिहिलंय. कंपनी त्याच ओळीला धरून बसणार.

नसाल, तर चित्र उलटतं. १९९० मध्ये पंजाब लँड डेव्हलपमेंटच्या प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केलं की शिक्षा म्हणून काढणं आणि कायद्यात दिलेले अपवाद सोडले, तर कोणत्याही कारणाने केलेली सेवासमाप्ती ही कपातच. मग कलम २५एफ आलं: एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई, तीही काढताना, नंतर नव्हे. यासाठी आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम लागतं. पगारी साप्ताहिक सुट्ट्याही त्यात मोजतात, त्यामुळे ती अडचण तुम्हाला नाही. तुमच्या हिशेबाच्या कागदावर उरलेली रजा आणि मे महिन्याचा पगार एवढंच दिसतं. नोटीसही नाही, भरपाईही नाही. कलम २५एफ लागू झालं तर कंपनीकडे बचावाला फारसं काही उरत नाही, आणि तुम्हाला २७ गुण पडले की ४७ हा प्रश्नच मागे पडतो.

आता ते तीन महिन्यांचं कलम. महाराष्ट्रात ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तेव्हा स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांचा, कायदा (१९४६) लागू होता. कारखान्याचे स्वतःचे प्रमाणित आदेश नसतील तर सरकारी आदर्श स्थायी आदेश चालत. त्यांत परिवीक्षा तीन महिन्यांची होती. तीन महिने सलग सेवा झाली की सात दिवसांत लेखी आदेशाने कायम करायचं, नाहीतर काम असमाधानकारक म्हणून तेव्हाच मोकळं करायचं. तुमचे तीन महिने २ सप्टेंबर २०२४ ला संपले. त्यानंतर जवळपास नऊ महिने कंपनीने तुमच्याकडून लाइन चालवून घेतली. नियुक्तिपत्रात सहा महिने लिहिले म्हणून स्थायी आदेश गुंडाळता येत नाहीत.

एक खाचखळगा मात्र आहे. केवळ मुदत संपली म्हणून माणूस आपोआप कायम होतो, असं न्यायालयं सरसकट मानत नाहीत. ज्या नियमात कमाल मर्यादा घातलेली आहे आणि त्यापुढे वाढवण्याची मुभा नाही, तिथे हा युक्तिवाद जोर धरतो. म्हणून पहिलं काम: तुमच्या कारखान्याला स्वतःचे प्रमाणित स्थायी आदेश आहेत का, ते शोधा. ते गेटजवळ, कामगारांना समजेल अशा भाषेत लावणं बंधनकारक होतं. वर्षभर त्या गेटातून ये-जा करून तुम्ही ते कधी वाचले नाहीत, असं पत्रावरून दिसतं. आता कामगार आयुक्तालयातल्या प्रमाणन अधिकाऱ्याकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. त्यांत परिवीक्षा सहा महिन्यांची निघाली तरी सगळं संपत नाही. पहिल्या मुदतवाढीच्या पत्रावर १९ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. सहा महिने २ डिसेंबरलाच संपले होते. संपलेली मुदत १७ दिवसांनी कशी वाढवली, हे कंपनीला सांगावं लागेल. तुम्ही त्या पत्रावर ‘मान्य’ लिहून सही केलीत. ते केलं नसतं तर बरं झालं असतं, पण स्थायी आदेशांविरुद्ध दिलेली संमती फार काळ टिकत नाही.

आता उशिराबद्दल. महाराष्ट्रात अशा प्रकरणाचा सरळ रस्ता म्हणजे १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात, परिशिष्ट ४ मधल्या बाब १ नुसार कामगार न्यायालयात तक्रार. मुदत ९० दिवस. तुमचे ९० दिवस २९ ऑगस्ट २०२५ ला संपले. तुम्ही मात्र एचआरच्या मेसेजमधल्या ‘दिवाळीनंतर बघू’ या आश्वासनावर बसलात. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. ते मेसेज हेच तुमचं कारण, म्हणून फोन बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायला वकिलाला सांगा.

दुसरा रस्ता समेट अधिकाऱ्याकडून, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून, जाणारा औद्योगिक विवाद. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम २ए खाली काढल्यापासून तीन वर्षं मिळत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तिच्यात समेटासाठी दोन वर्षांची मर्यादा आहे. तुमची नोकरी त्याआधी गेली, त्यामुळे हक्क जुन्या कायद्याने मोजायला हवेत. पण मुदतीच्या बाबतीत उगाच धाडस नको. दोन वर्षंच धरा, म्हणजे ३१ मे २०२७. नोव्हेंबर २०२५ नंतर ज्यांना काढलंय त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये. संहितेत स्थायी आदेशांची मर्यादाच ३०० कामगारांवर गेली आहे.

दोन्ही रस्ते एकदम चालता येत नाहीत. एमआरटीयू-पल्पचं कलम ५९ तेच सांगतं. तुमचा उशीर पाहता माझा कल समेटाकडे आहे. उशीर माफीच्या अर्जावरच वर्ष जायचं, आणि तो फेटाळला तर पुन्हा वरच्या कोर्टात. तक्रारीचा निकाल ‘शक्यतो सहा महिन्यांत’ लावावा, असं त्या कायद्यात लिहिलंय. त्या ‘शक्यतो’मध्ये किती कामगारांची उमेद गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मात्र एक गोष्ट आधी तपासा: पगाराची स्लिप कंपनीच्या नावाची आहे की कंत्राटदाराच्या? कंत्राटदाराची असेल तर वरचं बरंच काही बदलतं. मग मला पुन्हा लिहा.

आता त्या असेसमेंटकडे येऊ. ती निरर्थक आहे असं नाही. परिवीक्षेच्या मुद्द्यावर हरलात, किंवा कंपनीने कोर्टात तुमची अकार्यक्षमता पुढे केली, तर तोच कागद मध्यभागी येईल. तेव्हा ‘मला येतं’ हे तुमच्या तोंडून काही कामाचं नाही. परीक्षा घेणाऱ्याची उलटतपासणी कामाची.

तुम्ही पाठवलेला फोटो नीट बघा. दहा बाबी, प्रत्येकी पाच गुण, शेऱ्याचा रकाना पूर्ण कोरा. वेळ ४० मिनिटं, त्यात तीन वेळा मशीन थांबलं. तिसऱ्या ओळीत ‘सील क्वालिटी’ला एक गुण, कारण पाउच गळत होते. सील तीन गोष्टींवर ठरतं: पाउच दाबून चिकटवणाऱ्या जबड्याचं तापमान, दाब आणि जबडा किती वेळ दाबून राहतो तो वेळ. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी लाइनचा वेग ४० वरून ६० पाउच प्रतिमिनिट केला होता. वेग वाढला की दाबून राहण्याचा वेळ घटतो, आणि ४० ला पुरणारं तापमान ६० ला पुरतंच असं नाही. मग पहिला प्रश्न: तापमान बदलायचा अधिकार ऑपरेटरला होता का? बऱ्याच मशीनवर ती सेटिंग्ज सुपरवायझरच्या पासवर्डखाली असतात. तुमच्याकडे पासवर्ड नसेल तर तो एक गुण तुमचा नाही, सुपरवायझरचा आहे. दुसरा: जबड्यावरची टेफ्लॉन पट्टी शेवटची कधी बदलली? तिसरा: फिल्मचा रोल नवीन पुरवठादाराचा होता का? पावडर सीलमध्ये अडकत असेल तर दोष फिलरकडेही, म्हणजे माल भरणाऱ्या यंत्राकडेही, जातो. यातला कुठलाही प्रश्न परीक्षकाने त्या दिवशी विचारला असता, तर शेऱ्याचा रकाना कोरा राहिला नसता.

‘मेटल डिटेक्टर चाचणी’ला दोन गुण, कारण नाही. फेरस, नॉन-फेरस आणि स्टेनलेस असे तिन्ही नमुने ठरलेल्या वेळी मशीनमधून सोडायचे, प्रत्येक नमुना बाहेर फेकला जातो का ते बघायचं, आणि एखादा निसटला तर मागच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल रोखायचा. या तिन्हीपैकी तुमचं काय चुकलं? परीक्षकाला ते सांगता आलं नाही, तर तो आकडा हवेतला. ‘चेंजओव्हर’ला (लाइन एका मालावरून दुसऱ्यावर नेण्याला) तीन गुण दिलेत, पण त्या ४० मिनिटांत चेंजओव्हर झालाच नव्हता. लाइन क्लिअरन्सच्या नोंदवहीत त्या शिफ्टला नोंद नसेल तर हे एका कागदानेच दिसेल. न बघितलेल्या कामाला गुण देणारा माणूस बघितलेल्या कामाला कसे देतो, हे मग वकिलाने विचारायचं.

परीक्षकाचं स्वतःचं प्रशिक्षण कुठे नोंदलंय, तुम्हाला एसओपीची (लेखी कार्यपद्धतीची) कोणती आवृत्ती कधी शिकवली, नापास झाल्यावर फेरपरीक्षा का नाही, हे नेहमीचे प्रश्न तुमच्या वकिलाला सुचतीलच.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत: लाइनजवळच्या स्किल मॅट्रिक्स बोर्डवर, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, मार्चपर्यंत तुमच्या नावापुढचं वर्तुळ तीन चतुर्थांश भरलेलं होतं. त्या बोर्डवर तीन पाव म्हणजे ‘स्वतंत्रपणे चालवतो’. कंपनीच्याच भिंतीवर तुम्ही मार्चमध्ये स्वतंत्र ऑपरेटर आणि मे महिन्यात नापास. तो फोटो कुणाकडे असेल तर मिळवा. त्याच शिफ्टचे ब्रेकडाउन स्लिप, क्यूएचा (गुणवत्ता विभागाचा) रिपोर्ट आणि मशीनच्या स्क्रीनवरची अलार्म हिस्टरी कंपनीने जपून ठेवावी, अशी नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा. अलार्म हिस्टरीत नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. आठ महिन्यांत ती गेलीही असेल. मेच्या अखेरीस हे पत्र लिहिलं असतं तर कदाचित नसती गेली.

काढल्याच्या पत्रात ‘वारंवार निष्काळजीपणा’ असाही शब्द आहे. तो गैरवर्तनाचा आरोप आहे आणि चौकशीशिवाय तो लावता येत नाही, असं म्हणता येईल. वकिलाने हा मुद्दा पर्यायी म्हणून ठेवावा, मुख्य नव्हे.

आणि काढल्यापासूनच्या पगाराचं. मधल्या काळात तुम्ही दुसरीकडे रोजंदारीवर जाता, असं लिहिलंय. ते प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा, रकमेसकट. दीपाली गुंडू सुरवसे (२०१३) या निकालानुसार आपण कुठे कमावत नव्हतो किंवा कमी पगारावर होतो, हे कामगाराने आधी सांगायचं आणि मग उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. लपवलेली रोजंदारी उलटतपासणीत बाहेर आली तर मागच्या पगाराची आशा सोडा. नोकरी परत मिळेलच असंही मी सांगणार नाही. एका वर्षाच्या सेवेला न्यायालयं बऱ्याचदा एकरकमी भरपाईवर थांबतात.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा प्रमाणित स्थायी आदेशांची प्रत आणि पगाराच्या बाराही स्लिप पाठवा. मशीनबद्दल आणखी पानं नकोत.