भाऊ स्टेशनवर, हातात ना कागद ना पैसा: उपचाराचा खर्च कुठे करायचा?

“भाऊ सहा वर्षं कल्याण स्टेशनच्या आसपास राहतो. दारू पितो, एकटाच कुणाशी तरी भांडत असतो. तीनदा खासगी केंद्रात ठेवला, त्यापायी दागिने मोडले. आता पैसे नाहीत आणि त्याच्याकडे एकही कागद नाही. सरकारी उपचार मिळतील का?” डोंबिवलीच्या एका ताईंचा हा प्रश्न. तो अनेक घरांतून येतो, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्या भावाची हकिगत इथे मांडतो आहोत.

ताई, उपचार मिळतील, आणि ते हक्काचे आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १८(७) सांगतं, की दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर माणसाला सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांमध्ये विनामूल्य उपचार द्यायचे. दारिद्र्यरेषेचं कार्ड जवळ असो वा नसो. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही या कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे “तो वेडा नाही, दारुडा आहे” असं सांगून कुणी परत पाठवू लागलं, तर ही व्याख्या दाखवायची.

मग आधीचे पैसे कुठे गेले? दर खेपेला महिन्याचे १५,००० आणि उचलून नेणाऱ्या गाडीचे ४,०००. तीन खेपांचे ५७,०००. महिना भरला की भाऊ पुन्हा फलाटावर. दारू बंद असतानाही त्याला आवाज ऐकू येत होते का, असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, “हो, पंचविसाव्या दिवशी भेटायला गेले तर कान दाबून बसला होता. तिथले लोक म्हणाले, नाटक करतो.” हाच धागा सुटला होता. दारूमुळे येणारे भास बहुतेकदा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतात. महिनाभर थेंब पोटात नसताना ते टिकले, तर वेगळा आजार असण्याची शक्यता धरून मनोविकारतज्ज्ञाची तपासणी हवीच. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं आधी डोकं ठीक करा, मनोविकार विभाग म्हणतो आधी दारू सोडवा. या दोन दारांमध्ये माणसं वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. दोन्ही उपचार एकत्र देणारी जागाच मागा. केंद्र खासगी असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि जबरदस्तीने उचलून नेणारी गाडी पुन्हा बोलावू नका. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाला दाखल करण्याची रीत कलम ८९ मध्ये आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने बोलायला कायद्याने मानलेल्या माणसाचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ) आणि ३० दिवसांपर्यंतची मुदत.

भावाला रुग्णालयापर्यंत न्यायचं कसं? कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं आणि कोठडीत ठेवायचं नाही. इथे अडलं ते हद्दीवर. फलाट लोहमार्ग पोलिसांचा, पुलाबाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा, आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. ताईंनी तीन रात्री भाऊ नेमका कुठे आणि किती वाजता झोपतो ते लिहून काढलं, कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला आणि प्रतीवर आवक शिक्का घेतला. सोबत त्याचा फोटो आणि जुन्या केंद्राची कागदपत्रं जोडली. दुसऱ्या दिवशी हवालदार सोबत आले. असा अर्ज देऊनही काही हललं नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. दया येऊन त्याला घरी आणू नका आणि खोलीत कोंडून दारू तोडू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, थरथर सुरू होऊन जीव जाऊ शकतो. उपाशी माणसाला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. हे काम रुग्णालयाचं. फिट किंवा भ्रम दिसला तर १०८ वर फोन करा.

भाऊ सरकारी रुग्णालयात पाच आठवडे होता. बिल शून्य. आणि खरी पैशाची अडचण त्यानंतर सुरू झाली. कायदा खाटेचा आणि औषधाचा खर्च उचलतो, पण रुग्णालयातून सुटी (डिस्चार्ज) मिळाल्याच्या दिवशी संध्याकाळी माणूस झोपणार कुठे, याची तजवीज आपोआप होत नाही. गोळ्यांची पाकिटं फलाटावर भिजतात, चोरीला जातात. म्हणून डॉक्टरांशी बोलून गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं, हळूहळू शरीरात उतरणारं इंजेक्शन ठरलं. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी सुटीच्या चार दिवस आधीच महापालिकेच्या रात्रनिवाऱ्यात जागा बघितली. हे चार दिवस फार मोलाचे. सुटीच्या दिवशी निवारा शोधायला निघालात, तर रात्र पुन्हा फलाटावरच जाते.

ताई महिन्याला ३,००० देऊ शकत होत्या. ते भावाच्या हातात द्यायचे नाहीत, असं त्याच्यासमोर बसून आणि त्याच्या संमतीने ठरवलं. निवाऱ्याजवळच्या खानावळीत खातं उघडलं: रोज एक जेवण, ६० रुपये, महिन्याचे १,८००. इंजेक्शनच्या दिवशी ये-जा आणि चहा-नाश्ता, २००. बाकीचे १,००० ताईंकडेच, कपडे, चप्पल आणि अडीअडचणीसाठी.

आधारचंही सांगतो. नवं काढायला गेलात तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघतात आणि अर्ज फेटाळला जातो, महिने वाया जातात. आधी आधार सेवा केंद्रात ठशांवरून जुना क्रमांक शोधून घ्या. उपचार मात्र त्यासाठी थांबवू नका.

भाऊ चौथ्या महिन्यात पुन्हा प्यायला, निवारा सोडून अकरा दिवस गायब होता. पण खानावळीतलं खातं चालू ठेवलेलं होतं. बाराव्या दिवशी तो तिथे जेवायला आला. मालकांनी ताईंना फोन केला आणि इंजेक्शन चुकलं नाही.